रविवारी अल्कोहोल इंक : कागद आणायला विसरू नका

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ते १, नेहमीच्या हॉलमध्ये. दिवाळीची भेटकार्डं करण्याआधी अल्कोहोल इंकला, म्हणजे अल्कोहोलमधल्या रंगीत शाईला, कोणता कागद चालतो ते पाहू.

पोस्टकार्डाएवढे तुकडे आणा :
– युपो (प्लास्टिकचा कागद) किंवा ग्लॉसी फोटोपेपर
– ट्रेसिंग पेपर
– हातकागद. हा शाई लगेच पितो, रंग पसरतच नाही. तरी आणाच, फरक डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. युपोवर मात्र वाळलेली शाईसुद्धा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने पुन्हा हलते.

प्रत्येक तुकड्यामागे कागदाचं नाव आधीच लिहा.

शाई आणि आयसोप्रोपिल गटातर्फे. हातमोजे आपापले, कपडे जुने. डाग निघत नाहीत. खिडक्या उघड्या राहतील. मेणबत्ती, उदबत्ती, हीट गन अजिबात नको, अल्कोहोलची वाफ पेट घेते. लहान मुलांना कृपया आणू नका.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा.