धाकट्याचा कूकर

आखेन, जर्मनी

प्रिय मावशी,
सा. न.

धाकटा इकडे येताना त्याच्यासोबत द्यायच्या सामानाची तुझी यादी वाचली. त्यातलं तूप, पेढे आणि खवा काढ. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, कस्टममध्ये सापडले तर सरळ जप्त. गोडा मसाला खुशाल दे.

होस्टेलची खोली पक्की करण्याआधी धाकट्याला एवढं विचारायला सांग: एका स्वयंपाकघरावर माणसं किती आणि शेगड्या किती? खोली चार फूट लहान असली तर चालेल. बारा जणांत दोन शेगड्या असल्या, तर संध्याकाळी सातला रांग लागते नि पोरं ब्रेडवर दिवस काढतात. कँटीन आहे, पण रविवारी ते बंद, दुकानंही बंद.

इथे गॅस क्वचितच, काचेच्या विजेच्या शेगड्या असतात. इंडक्शन असेल तर आपला अॅल्युमिनियमचा कूकर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक लावून बघ, घट्ट चिकटला तरच दे. साध्या विजेच्या शेगडीवर अॅल्युमिनियम चालतं, पण बूड सपाट हवं. खोलगट तवा मध्येच टेकतो आणि पोळीच्या कडा कच्च्या राहतात. शिवाय बटण कमी केलं तरी काच बराच वेळ तापलेलीच राहते, म्हणून फोडणी करपते. मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूला ठेवायचं. खिडकी उघडी आणि दार बंद. धूर दारातून बाहेर गेला की कॉरिडॉरमधला अलार्म कोकलतो.

एकेकट्याने रोज शिजवण्यापेक्षा पाळी लावलेली बरी. आठ जणांच्या खिचडीला अर्धा किलो तांदूळ, पाव किलो मूगडाळ, साडेतीन लिटर पाणी. हे पाच लिटरच्या कूकरमध्ये घालायचं नाही: डाळ-तांदळाला कूकर निम्माच भरायचा, नाहीतर फेस शिट्टीत अडकतो. आठ लिटरचं पातेलं घ्यायचं, डाळ अर्धा तास भिजवायची, मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. उतू गेलं तर काच गार झाल्यावर ब्लेडच्या पट्टीने खरवडायची, तारेच्या घासणीने मुळीच नाही.

दाण्याचं कूट घालण्याआधी मात्र प्रत्येकाला विचारायचं. शेंगदाण्याची अॅलर्जी आपल्याकडे फारशी कुणाच्या डोक्यात येत नाही, पण ती जिवावर बेतू शकते. कूट वेगळ्या वाटीत ठेवलं तरी चमचा एकच फिरला की झालं. मांसाहाराचंही तेच: तळणीचं तेल आणि उलथनं वेगळं ठेवलं तरच शाकाहारी पोरं पंगतीला बसतात.

कूकरची एक जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढा आठवणीने टाक.

तुझा,
भाचा