रविवारच्या फोनबद्दल

गौरी,

परवा तू फोन कट केलास ते बरोबरच केलंस. एकच प्रश्न तीन-तीनदा विचारला तर कोण ऐकून घेईल. मम्मी म्हणाली लगेच परत लावू नका, पोरीची परीक्षा आत्ताच संपलीय, झोपू दे तिला. म्हणून व्हॉट्सअॅपवर लिहितोय, सवडीनं वाच. यात जेवणाचं विचारणार नाही.

सेमिस्टर चांगलं गेलं हे ऐकून बरं वाटलं. गावात पेढे वाटू नका म्हणालीस, नाही वाटले. फक्त दत्तजयंतीला वाडीला गेलो तेव्हा देवापुढं ठेवले, येताना नाना काकांकडं दिले आणि सोसायटीत दोन-चार जण बसले होते त्यांना. बास.

आता जानेवारीच्या मध्यापर्यंत सुट्टी. दोघी रूममेट घरी गेल्या, खालचे पण गेले, शिकागोच्या त्या काकूंनी बोलावलं होतं तिथंही तू नको म्हणालीस. दुपारी साडेचारला अंधार पडतो म्हणे. दार नीट लावते, हीटर चालू आहे, पैसे आहेत, सगळं तू सांगितलंस आणि मला पटलं पण. माझं एवढंच की जेवताना समोर कुणीतरी... जाऊ दे. नाही म्हणलो होतो ना.

तुमच्या अर्बाना-शॅम्पेनच्या विद्यापीठातलं मला सगळ्यात काय आवडलं असेल तर ते मक्याचं शेत. 1876 पासून त्याच तुकड्यावर प्रयोग चाललेत, आणि पिकावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधली! सोसायटीत सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. नाना म्हणाले, आपल्यात बांधावरच्या एका बाभळीच्या सावलीवरनं भाऊ-भाऊ कोर्टात जातात. असल्या ठिकाणी माझी पोरगी शिकते याचा अभिमान आहे, पण पोरी, कुणी बोलावलं तर जावं गं, सारखं नको नको म्हणलं की लोक बोलवायचे बंद होतात, आणि एकटं राहणं म्हणजे काही स्वावलंबन नव्हे, माणसानं चार माणसांत... सॉरी. तीस वर्षं वर्गात हेच केलं, तोंडाला सवय लागलीय.

खरं सांगू का, 1987 च्या दिवाळीत मी पण घरी गेलो नव्हतो. बैलाच्या व्यवहारावरनं बापूंशी काय झालं होतं ते तुला माहितीय. शिवाजी विद्यापीठात कमवा-शिकाच्या हॉस्टेलवर राहिलो, मेस बंद, पोरं सगळी गावाला. पहाटे बाहेर मोर ओरडायचे आणि आत संडासातला नळ टपकायचा, तेवढाच आवाज. चार दिवस दुधात पाव बुडवून खाल्ला, तो पण कॉटवर भिंतीकडं तोंड करून, का ते मलाच माहीत नाही, बघायला तर कुणीच नव्हतं. पाचव्या दिवशी स्टोव्हची पिन बर्नरमधेच मोडली. पिन मागायला म्हणून तीन खोल्या सोडून दार वाजवलं तर सांगोल्याचा एक पोरगा आत बसलेला, तो पण चार दिवस तिथंच! दोघंही एकमेकांना चुकवत होतो बहुतेक. त्याच्याकडं पिन होती, पीठ होतं, मीठ संपलेलं. मग त्याच्या स्टोव्हवर पिठलं केलं, गुठळ्या झालेलं, आणि पातेल्यातनंच खाल्लं. तो पुढं कुठं गेला पत्ता नाही, पण ते पिठलं अजून आठवतं. बापूंना हे कधी सांगितलं नाही. त्यांनी पण विचारलं नाही म्हणा, आणि विचारलं असतं तर मी पण तुझ्यासारखा चिडलोच असतो.

वरच्या मजल्यावर इराणची एक मुलगी आहे म्हणाली होतीस, ती पण गेली का गं? मीठ वगैरे संपलं असेल तुझं, म्हणून विचारलं.

इकडं ऊसतोडीची टोळी आलीय, दिवसभर रानात असतो, तिथं रेंज नाही. पण साडेआठला नाश्त्याला घरी असतो, तेव्हा तुझे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. ताट घेऊनच व्हिडिओ कॉल लाव. मी काही विचारणार नाही, गप पोहे खाईन. फक्त मागच्या वेळेसारखा फोन डब्याला टेकवून ठेवू नकोस, तो घसरतो आणि निम्मा वेळ तुमचं छतच दिसतं.

पप्पा