पीटी-109 बांधायला घेतलीस, म्हणून

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि नकाशांचे फोटो मिळाले. तयार किट न घेता पीटी-109 या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी टॉर्पेडो बोटीची प्रतिकृती लाकडात, अगदी पहिल्या फ्रेमपासून (सांगाड्याच्या आडव्या बरगडीपासून) स्वतः बांधायची ठरवलीस हे वाचून फार बरं वाटलं. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही. काम करताना शेजारी ठेवून पुन्हा वाचता यावं म्हणून लिहायला बसले.

आधी माप. तू 1/48 म्हणतेस. त्या मापात 80 फुटी बोट जेमतेम अर्ध्या मीटरची होते, टेबलावर छान मावते. पण मी म्हणेन 1/32 घे. लांबी 762 मिमी, रुंदी साधारण 197 मिमी. 21 इंची टॉर्पेडो पावणेसतरा मिमी जाडीचा होतो, म्हणजे लाकडी दांडीतून हातानं घडवता येतो. या मापात दोरीची गाठसुद्धा दिसते, आणि तुझ्या या बोटीवर दोरीच्या गाठीला किती महत्त्व आहे ते पुढे सांगते.

दुसरं, नुसती 'पीटी-109' बांधू नकोस, एका रात्रीची पीटी-109 बांध. न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या एल्को कारखान्यातून ही बोट 10 जुलै 1942 रोजी अमेरिकी नौदलाच्या ताब्यात आली, आणि 2 ऑगस्ट 1943 च्या पहाटे सॉलोमन बेटांजवळ ब्लॅकेट सामुद्रधुनीत बुडाली. या बोटींवर सतत काही ना काही बदलत असे. तोफा यायच्या, जायच्या, जागा बदलायच्या. म्हणून तारीख नक्की कर आणि कागदावर लिहून भिंतीला लाव: 1 ऑगस्ट 1943, संध्याकाळ, बोट शेवटच्या गस्तीवर निघताना. एखादी वस्तू डेकवर बसवायची की नाही असा प्रश्न पडला की त्या तारखेला विचार.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या संग्रहालयात ठेवलेल्या पीटी-617 चे फोटो तू जमवते आहेस. बोट एल्कोचीच, 80 फुटीच. अंगाचा आकार, डेकहाउसच्या, म्हणजे डेकवरच्या खोलीच्या, कडा, खिडक्यांची ठेवण हे सगळं तिच्यावरून खुशाल बघ. पण ती 1945 ची आहे. तिच्यावर टॉर्पेडो उघड्या रॅकवर ठेवलेले आहेत आणि मागे 40 मिमीची तोफ आहे. 109 वर चार बंद नळ्या होत्या आणि मागे 20 मिमीची ऑर्लिकॉन तोफ. म्हणजे 617 वरून डेकची मांडणी उचललीस तर 109 हातातून गेलीच.

आता सांगाडा. इथे घाई करू नकोस, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. एल्कोवाले या बोटी उलट्या बांधत, कील, म्हणजे तळाचा कणा, वर आणि डेक खाली, आणि मग अख्खं अंग उलथवून सरळ करत. तूही तसंच कर. सपाट, जाड, न वाकणारी फळी घे. तिच्यावर मध्यरेषा आणि प्रत्येक स्टेशनची, म्हणजे जिथे फ्रेम उभी राहते त्या जागेची, रेषा आख, आणि प्रत्येक फ्रेम गुण्या लावून काटकोनात उभी कर. फ्रेमचे पाय डेकच्या वर, म्हणजे या उलट्या अवस्थेत खाली, जास्तीचे ठेव. ते सगळे फळीला एकाच पातळीवर टेकले पाहिजेत. अंग पूर्ण झाल्यावर ते कापून टाकता येतात.

फ्रेम कापण्याआधी तिच्यावर चढणाऱ्या लाकडी पट्ट्यांची जाडी वजा करायची हे तुला माहीत असेल, पण किती वजा करायची हे बारकाईनं बघ. दोन थर प्रत्येकी 0.8 मिमीचे, म्हणजे एकूण 1.6 मिमी. बोटीच्या मधल्या भागात एवढं पुरतं. नाकाकडे मात्र पट्ट्या फ्रेमला तिरक्या येऊन भिडतात, त्यामुळे फ्रेमच्या पातळीत मोजलेली त्यांची जाडी जास्त भरते. तिथे दोन मिमी किंवा थोडं जास्तच काढावं लागेल. मग फ्रेमच्या कडांना उतार दे. पुढच्या फ्रेमना पुढच्या बाजूनं आणि मागच्यांना मागच्या बाजूनं, म्हणजे पट्टी कडेवर पूर्ण बसेल, नुसती टोकावर टेकणार नाही.

उतार बरोबर झाला का हे बघायला एक लांब, लवचीक पट्टी घे आणि तीन-चार फ्रेमवर एकदम टेकवून बघ. एखादी फ्रेम खोल असेल तर तिथे फट दिसते, उंच असेल तर पट्टी तिच्यावर डोलते. खोल फ्रेमवर पातळ चिपटी चिकटव, उंच असेल ती घास. घासायला पॉलिशपेपर लांब सपाट फळीवर चिकटवून घे, निदान तीन फ्रेमवर एकदम पोचेल एवढी लांब. बोटांनी धरून घासलंस तर मऊ जागा खोल जाते आणि कठीण जागा तशीच राहते.

तू विचारलंस, दोन्ही बाजूंना पातळ प्लायचा एकेक पत्रा चिकटवला तर चालणार नाही का? मागच्या निम्म्या बोटीला चालेल, कारण तिथे तळ जवळपास सपाट आहे. पण नाकाकडे हाच तळ खोल व्ही आकार घेतो आणि तेवढ्या अंतरात पिळतो. पत्रा एका दिशेला वाकतो, पिळायला गेलीस की कुठे तरी फुगतो. म्हणून अरुंद पट्ट्या तिरक्या लाव. तिरकी अरुंद पट्टी तो पीळ आपसूक घेते, वाफवायची गरज फारशी पडत नाही. खऱ्या बोटींचं अंगही असंच होतं: महोगनीच्या तिरक्या फळ्यांचे दोन थर, मध्ये गोंदात भिजवलेलं कापड, आणि सगळं धरून ठेवायला हजारो ब्राँझचे स्क्रू आणि तांब्याचे रिव्हेट. एवढ्या हलक्या अंगाला पॅकार्डची तीन पेट्रोल इंजिनं 40 नॉटच्या वर पळवायची आणि लाटांवर आपटायची, तरी ते टिकलं पाहिजे, म्हणून ही बांधणी. तू तिच्याच पद्धतीनं जाशील तर प्रत्येक पट्टीबरोबर ती बोट तुला जास्त कळत जाईल. किट टाळण्याचं खरं कारण माझ्या मते हेच.

पट्ट्या बासवुडच्या घे, महोगनीच्या नको. महोगनीची छिद्रं 1/32 मापात चरांएवढी दिसतात आणि रंगाखालूनही डोकं वर काढतात. आधी दोन्ही बाजू, मग तळ. एक पट्टी डावीकडे लावलीस की जोडीची लगेच उजवीकडे, नाही तर गोंद वाळताना कील एका बाजूला ओढली जाते. दुसरा थर उलट तिरका जाऊ दे, म्हणजे खालचे सांधे झाकले जातील. आणि चाइन, म्हणजे बाजू आणि तळ जिथे कोनात भेटतात ती कड, जिवापाड जप. वेगात पाणी त्याच कडेवरून सुटतं आणि बोट पाण्यावर चढते. पॉलिशपेपर ती कड नकळत गोल करतो. घासताना तिच्यावर चिकटपट्टी लाव, एका बाजूचं काम झाल्यावर काढ, मग दुसरी बाजू घे.

अंग आतून पातळ इपॉक्सीनं बंद कर आणि मगच डेक बसव. डेकहाउस, खिडक्या, झडपा यांबद्दल मी काही लिहीत नाही, तुझा हात माझ्यापेक्षा बारीक चालतो. फक्त दोन मशीनगन टरेट, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या गोल बैठका, एकमेकांसमोर ठेवू नकोस. एक उजवीकडे पुढे ब्रिजपाशी आहे, दुसरं डावीकडे मागे. पुढच्या टरेटपाशी त्या रात्री हॅरॉल्ड मार्नी होता, एकोणीस वर्षांचा. तो आणि अँड्र्यू कर्क्सी परत आले नाहीत. टरेटचं कडं तासताना हे तुला ठाऊक असावं असं मला वाटतं.

आता तुझा शेवटचा प्रश्न. पुढच्या डेकवरच्या तोफेखालची लाकडं वेगळी करायची, की एक ठोकळा चिकटवून भागवायचं? वेगळी कर, आणि दोरीनंच बांध. ती 37 मिमीची तोफ नौदलाची नव्हतीच, ती सैन्याची रणगाडाविरोधी तोफ. खलाशांनी ती कुठून तरी पैदा केली होती. तिच्यासाठी जागा करायला जीवरक्षक तराफा उतरवला आणि तोफ लाकडी तुळयांवर ठेवून दोरखंडानं जखडली. काम तात्पुरतं होतं, आणि ते तसंच दिसलं पाहिजे. एक इंची दोर तुझ्या मापात 0.8 मिमी होतो. मेण लावलेला पिळाचा दोरा घे, तुळईला खरोखर वेढे दे आणि गाठ मार. गोंदाचा थेंब फक्त गाठीच्या आत.

त्या पहाटे अडीचच्या सुमारास आमागिरी ही जपानी विनाशिका अंधारातून आली आणि बोटीचे दोन तुकडे झाले. बोटीवर तेरा जण होते, अकरा वाचले. पुढचा तुकडा तरंगत राहिला आणि ते त्याला धरून राहिले. त्याच दिवशी दुपारी तो बुडायची लक्षणं दिसली तेव्हा सगळे पोहत एका लहान बेटाकडे निघाले. बोटीचा प्रमुख जॉन केनेडी, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो, यानं भाजलेल्या मॅकमोहन या खलाशाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरला आणि त्याला ओढत नेलं. बाकीच्या नऊ जणांत काहींना पोहता येत नव्हतं. ते सगळे एका तुळईला धरून गेले, आणि ती तुळई होती तोफेखालची. साडेपाच किलोमीटरांच्या आसपास अंतर, चार तास पाण्यात. पुढे बियुकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन बेटवासी तरुणांना ते सापडले, त्यांनी नारळावर कोरलेला निरोप पोचवला आणि 8 ऑगस्टला सुटका झाली. ती लांबलचक कथा तू वाचलेली आहेस. पण तुझ्या टेबलावर त्या कथेतलं जे एक लाकूड येणार आहे ते ठोकळ्याचं भाग्य घेऊन यावं हे मला पटत नाही.

युद्ध संपल्यावर फिलिपाइन्समध्ये समार बेटाच्या किनाऱ्यावर अशा शंभराहून जास्त बोटी इंजिनं, तोफा काढून घेऊन जाळून टाकल्या. लाकूड किडलेलं, पेट्रोल इंजिनांचा खर्च मोठा, शांततेत त्यांचं काम नव्हतं. निर्णय व्यवहारी होता, तरी मला तो अजून लागतो. 109 चे अवशेष 2002 मध्ये समुद्रतळाशी सापडले, तेही टॉर्पेडो आणि नळीच्या रूपात. लाकूड कुठलं उरणार! म्हणून कुणी ते अंग पट्टी-पट्टीनं पुन्हा उभं करतं तेव्हा मला त्या कामाची किंमत फार वाटते, आणि ते तू करते आहेस याचा अभिमान तर वाटतोच.

पहिला थर घासून झाला की दिवा बाजूला, खाली धरून फोटो काढ आणि पाठव. उंचवटे त्या उजेडात लगेच दिसतात. मी बघून सांगेपर्यंत दुसरा थर लावू नकोस. नाकाकडच्या फ्रेमची मापं पक्की करायची असतील तर पूर्ण आकाराच्या छापील प्रतीवरून घे, फोनच्या पडद्यावरून नको. करवतीचं पातं बदललंस का? बोथट पात्यानं प्लायची कड फाटते.

तुझी,
आई