रिपीटचा निर्णय जूनमध्ये नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एमबीबीएसच्या २०२५च्या प्रवेशफेऱ्या संपल्या. तासगावात माझं ऑनलाईन अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या निकालापासून शेवटच्या फेरीपर्यंत मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्यासमोर बसलेले असतात. त्यांच्याकडे बघून एकच गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पुन्हा नीट द्यायची की नाही, हे निकालाच्या आठवड्यात ठरवू नका.

आपल्याकडे नेमकं तेव्हाच ठरतं. सकाळच्या पेपरात क्लासची पानभर जाहिरात असते, 'रिपीटर बॅच सुरू, अमुक तारखेपर्यंत फीमध्ये सवलत'. द्राक्षाचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात. पोरगी दोन दिवस जेवलेली नसते. मग वडील गाडी काढतात आणि लातूर गाठतात. आठवड्यात फी भरून, खोली घेऊन मोकळे.

राज्यात प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या सीईटी सेलची नोंदणी मात्र त्यानंतर सुरू होते. महाराष्ट्रातल्या शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा या राज्याच्या फेऱ्यांतून भरतात, उरलेल्या १५ टक्के केंद्रीय कोट्यातून. फेऱ्या लांबत लांबत दिवाळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातात. वरच्या मुलांना दुसरीकडे जागा मिळाली की खालच्यांना वाट होते, त्यामुळे पहिल्या फेरीची यादी आणि शेवटच्या फेरीची यादी यांत बराच फरक पडतो. जूनमध्ये यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं.

यंदा तर जूनचा अंदाज साफ फसला. ४ मेचा पेपर, त्यातही फिजिक्स, फार अवघड गेला. १४ जूनला निकाल लागला तेव्हा देशात पहिल्या आलेल्या मुलाला ७२० पैकी ६८६ गुण होते. आदल्या वर्षी पूर्ण ७२० घेणारेही होते. एमबीबीएसचा कट-ऑफ यंदा शंभराहून जास्त गुणांनी खाली आला. पण घरोघरी मोबाईलवर २०२४ची यादी उघडलेली होती, आणि तिच्यात बघून 'आपलं काही होत नाही' असं ठरवून टाकलेलं होतं. गुण नव्हे, ऑल इंडिया रँक बघा, असं मी सांगत होते. ऐकायला कुणी तयार नव्हतं.

जुलैमध्ये सावळज बाजूच्या एका मुलीची आई तिच्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला आली होती. मी विचारलं, सीईटी सेलचा फॉर्म भरला का? "न्हाई ताई, कशाला? क्लासला पैसं भरल्यात, रिपीटच करनार हाय." मी म्हटलं, भरून तर ठेवा, क्लासच्या फीपुढे ही फी काहीच नाही. त्या म्हणाल्या, "ह्यांना इचारून सांगते." त्यांचा फोन आला नाही. पुढे याद्या लागल्यावर त्या पुन्हा आल्या आणि त्यांनीच मला यादी उघडायला लावली. त्यांच्याच प्रवर्गातल्या, त्यांच्या मुलीपेक्षा कमी गुणांच्या मुलींची नावं एमबीबीएसला होती. बाई स्क्रीनवरच्या एकेका ओळीवर बोट ठेवत खाली येत होत्या. मुलगी त्या वेळी लातूरला खोलीवर होती. नीटचा गुण एमबीबीएसच्या प्रवेशाला त्याच वर्षापुरता चालतो, त्यामुळे हातातला गुण गेला तो गेलाच.

क्लास लावायला माझा विरोध नाही. पण नोंदणी करून, पसंतीक्रम भरून, फेऱ्या चालू ठेवूनही क्लास करता येतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पूर्ण फी भरलेल्या मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यात म्हटलं आहे. पैसे भरण्याआधी पालकांनी हे क्लासवाल्यांकडून कागदावर लिहून घ्यावं. तोंडी 'बघू' म्हणणाऱ्याला चेक देऊ नये. घडात साखर किती भरली हे मीटर लावून बघितल्याशिवाय आमच्या भागात कुणी माल तोडायला देत नाही. पोरीच्या वर्षाचा निर्णय घेतानाही तेवढी तपासणी व्हायला हवी.

ती तपासणी करता येते. परीक्षा घेणारी एनटीए ही संस्था ओएमआरची, म्हणजे मुलाने भरलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रत आणि उत्तरतालिका देते. दोन्ही समोर ठेवून मुलाने स्वतः हिशेब करावा. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. बायोलॉजीत ३६० पैकी ३००च्या आसपास आणि फिजिक्सला १८० पैकी चाळीस-पन्नास असं दिसलं, तर कुठे काम करायचं ते स्पष्ट आहे. अशा मुलाने जरूर पुन्हा बसावं, फिजिक्स चांगलं शिकवणारा माणूस शोधून बसावं. पण तिन्ही विषय सारखेच अर्धवट असतील, आणि दुसऱ्या खेपेलाही आकडा तिथेच घुटमळला असेल, तर पुढच्या वर्षी नेमकं काय वेगळं करणार, हे घरात सगळ्यांसमोर बोललं पाहिजे. 'यंदा जास्त अभ्यास करेन' एवढ्यावर आणखी एक वर्ष देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

काही मुलांचं गुणांमुळे अडलेलं नसतंच. जात वैधता प्रमाणपत्र हातात नाही, नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली, म्हणून आरक्षण गेलं आणि यादीत नाव खाली आलं. अशा मुलाला लोक अभ्यास वाढवायला सांगतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्याला आधी जात पडताळणी समितीकडे अर्ज हवा, आणि तो अकरावीतच करायला हवा.

मुलांना आणखी एक सांगते. नीट किती वेळा द्यावी याला बंधन नाही, वयाची वरची अटही नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण असले की झालं. अर्ज साधारण फेब्रुवारीत निघतो. म्हणजे बीएस्सीला प्रवेश घेऊनही परीक्षा देता येते आणि वर्ष रिकामं जात नाही. बीएएमएस किंवा बीडीएसची जागा धरून पुन्हा बसणार असाल, तर जागा सोडण्याच्या अटी आणि मूळ कागदपत्रं परत मिळण्याचे नियम आधी वाचा. केंद्रीय कोट्याच्या शेवटच्या, उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीत 'बघू तर' म्हणून पर्याय भरू नका. तिथे जागा लागून हजर झालं नाही तर अनामत जातेच, वर वर्षभर नीटला बसता येत नाही. ज्याला पुन्हा बसायचंच आहे, त्याला हे आधी कळलं पाहिजे.

आपल्याला विनंती आहे. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आपल्या जिल्ह्यात आहे, साताऱ्यात २०२१ मध्ये शंभर जागांचं नवं सुरू झालं. सांगली आणि कऱ्हाडला अभिमत विद्यापीठांची आहेत, त्यांची फेरी केंद्राकडून होते आणि फीचं गणित पूर्ण वेगळं असतं. या महाविद्यालयांत कोणत्या फेरीत, कोणत्या प्रवर्गाची यादी कोणत्या रँकला थांबली, एवढा एक तक्ता प्रत्येक फेरीनंतर छापा. आधीच्या वर्षाचे आकडे शेजारी द्या. नोंदणीची शेवटची तारीख पहिल्या पानावर येऊ द्या. गावाकडच्या ज्या घरात बाकी काही पोचत नाही, तिथे तुमचा पेपर पोचतो.

कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनाही सांगणं आहे. टॉपरचा सत्कार होतो, तसा ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्यासाठी जुलैमध्ये एक दिवस वर्ग उघडा ठेवा. मुलाची ओएमआर बघा, नोंदणी झाली का विचारा. फॉर्म भरायला कुणाला अडचण असेल तर माझ्याकडे पाठवा, त्या मुलांकडून मी पैसे घेणार नाही.

आपली,
एक ऑनलाईन केंद्रचालिका,
तासगाव, जि. सांगली