यंत्राच्या नकाराला उत्तरदायी कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेचा सगळा रोख सध्या यंत्राला खरोखर विचार करता येतो का आणि माणसांच्या नोकऱ्या जाणार का, या दोन प्रश्नांवर असतो. मानवतावादाच्या दृष्टीने याहून मूलभूत असलेला एक प्रश्न, यंत्राच्या निर्णयाला उत्तरदायी कोण हा, त्यात मागे पडतो, म्हणून हे पत्र.

अलीकडे शिवणकाम करणाऱ्या आमच्या शेजारीणबाईंबरोबर मी कर्जाच्या कामासाठी एका वित्तसंस्थेत गेले होते. बाईंनी कोपरे झिजलेली हिशेबाची वही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. ती कोणी उघडलीही नाही. समोरच्या तरुणाने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि ‘सिस्टीम रिजेक्ट करतेय, कारण आम्हालाही दिसत नाही,’ असे नम्रपणे सांगितले. त्याचा काही दोष नव्हता, आणि मला तेच अधिक लागले. नकार मिळाला होता, पण तो देणारा कोणी समोर नव्हता.

अशा वेळी विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय आठवतात. व्यक्तीला केंद्रस्थानी मानणाऱ्या त्यांच्या नवमानवतावादाची बावीस सूत्रे १९४६च्या डिसेंबरात त्यांच्या पक्षाच्या मुंबईच्या अधिवेशनात मांडली गेली; आमच्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे रॉय यांचे सहकारी. रॉय विज्ञानाचे विरोधक मुळीच नव्हते, उलट विवेक आणि विज्ञान यांवरच त्यांची भिस्त होती. त्यांचा विरोध होता तो राष्ट्र किंवा वर्ग अशा समूहाच्या नावाखाली व्यक्तीला विरघळवून टाकण्याला. आजचे यंत्र नेमके तेच वेगळ्या वाटेने करते. आपल्यासारख्या दिसणाऱ्या हजारो लोकांनी पूर्वी काय केले, यावरून ते आपला अंदाज बांधते. हा अंदाज सरासरीने बरोबर ठरेलही, परंतु दाराशी आलेली व्यक्ती म्हणजे सरासरी नव्हे, आणि तिने स्वतः काय केले हे सांगण्याची संधीच तिला मिळत नाही.

हे भय काल्पनिक नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या छाननीत करखात्याच्या संगणकीय जोखीम-प्रणालीने नागरिकत्व हाही एक निकष धरला होता. त्या प्रकरणात हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला, ती कर्जबाजारी झाली आणि अखेर जानेवारी २०२१मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राजीनामा माणसांनाच द्यावा लागला, यंत्राला तो देता येत नाही.

युरोपीय संघात २०१८पासून लागू असलेल्या विदासंरक्षण (डेटा संरक्षण) नियमांनुसार, केवळ यंत्राने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागता येते. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात असा हक्क नाही. तो यावा, कर्ज, शिष्यवृत्ती, पेन्शन किंवा नोकरी नाकारताना कारण लेखी दिले जावे, आणि अर्जदाराची वही उघडून यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार त्या टेबलामागच्या माणसाला मिळावा, अशी माझी मागणी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)