तात्यांच्या वाकसाचे घाव

अमळनेर,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. तुझे दोन फोन आले, ते मी मुद्दामच उचलले नाहीत. का, ते पुढे सांगतो. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

आखाजी झाली. ताई आली होती. पोरींनी विचारलं, मामा, झोका कुठे बांधायचा? मला बोलवेना. घरावरचं मातीचं धाबं उतरवल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. छताचे सर, किलचन सगळं लाकूड गेलं, पण मधल्या घराची तुळई मी विकू दिली नाही. वखारीत नेऊन ती उभी चिरून आणली. १० इंच रुंद, ४ इंच जाड, अशा दोन फळ्या निघाल्या. त्यांचं सुतारी टेबल करतोय, जुन्या गोठ्यात. लांबी ६ फूट, उंची मनगटापर्यंत, ३४ इंच. रंधा मारताना खांदा वर गेला की तात्या ओरडायचे, आठवतं?

पाय बांधावरच्या बाभळीचे केले, तिथे घाई झाली. माघात पायाचं कुसू खाचेत हातोडीने ठोकून बसवावं लागत होतं, उन्हाळा तापला तसं तेच बोटाने हलायला लागलं. ओलं लाकूड आडवं आकसतंच. खुंट्या मारून आवळलंय, ते निभेल.

अडलंय दुसरीकडेच. तुळईचा गाभा नेमका करवतीच्या रेषेत आला. चिरलेल्या तोंडांवर भेगाच भेगा. वरच्या फळीला मातीखाली वाळवी लागलेली, ती मागे हत्यारं ठेवायला चालेल. पुढच्या फळीवर रोजचं काम व्हायचं, आणि तिचं एकच तोंड धड आहे. घरात उताणं पडलं की दिसायचं ते. तात्यांनी वाकसाने तासून घडवलेलं.

घाव अजून तसेच आहेत रे. चुलीच्या धुराने काळे झालेत. बोट फिरवलं की शिंपल्याएवढी एकेक खळगी लागते, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. डावखुरे ना ते! फळी सपाट करायची तर दोन सूत, पाव इंच तरी काढावे लागतील. म्हणजे त्यातला एकही घाव राहणार नाही. आणि सपाट नाही केली, तर त्या टेबलावर साधी पट्टीसुद्धा रंधता येणार नाही.

तू हत्यारं भंगारात दिलीस तेव्हा मी तुला भर चौकात बोललो होतो, बापाचा हात विकलास म्हणून. आता त्याच हाताच्या कामावर रंधा फिरवायला मीच निघालोय. आणि रंधाही तात्यांचाच आहे बाळ्या. त्याच संध्याकाळी मी तो भंगारवाल्याकडून सोडवून आणला होता. १७ वर्षं तुला सांगितलं नाही. फोनवर तुझा आवाज ऐकून हे बोलणं मला जमलं नसतं.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणे, फार बरं झालं. पोरीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. अकराव्या मजल्यावर भरिताची वांगी काडीकाटक्यांवर भाजू देतात का रे? नसतील देत तर इकडे ये, शेव-भाजीही करू.

काल चारदा रंधा हातात घेतला नि ठेवला. पातं घासून तयार आहे. मृगाच्या आत ये, पाऊस पडला की लाकूड फुगेल. पहिला हात तू मार, नाहीतर नको म्हण. तू नको म्हणालास तर फळी तशीच भिंतीला लावून ठेवेन, टेबलाला दुसरं लाकूड बघेन.

आणि काटकोन बघायचा तात्यांचा गुण्या तुझ्याकडे उरला असेल तर आण. माझा अर्ध्या सुताने चुकतोय.

तुझा,
रवी