ओमचा एमआरआय

प्रिय नीलू,

मी बरी आहे, गुडघा अधूनमधून बोलतो. लिहायला बसले ती ताईच्या सईच्या मेंदूच्या एमआरआय फिल्ममुळे. फिल्म वाचता येते तुला, आणि ताईला हट्टाला पेटलेली पाहिली आहेसही तूच.

सईचा पाय आत वळायचा, पळताना पडायची, बोलताना जीभ अडखळायची. सगळे म्हणत, धांदरट आहे. परवा डॉक्टरांनी टी-टू फिल्म दाखवली: दोन्हीकडचा ग्लोबस पॅलिडस, म्हणजे मेंदूतला हालचाली सांभाळणारा भाग, काळाकुट्ट, मधोमध पांढरा ठिपका. काळं ते साचलेलं लोह. 'टायगर आय', वाघाच्या डोळ्यासारखी खूण, म्हणाले. जनुक तपासणीतही पँक-टूच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. पीकेएएन, मेंदूत लोह साचवणारा आनुवंशिक आजार.

ताई म्हणाली, मग लोह काढा ना! डेफेरिप्रोन या औषधाने ते उतरतं, पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीड वर्षाच्या उपचारानंतरही रुग्णांच्या हालचालींत ठाम सांगावा असा फरक दिसला नाही. फिल्म सुधारते आणि माणूस तिथेच राहतो, हे मला अजून पचत नाही. सध्या बॅक्लोफेन चालू आहे, अंग जरा सैल पडतं.

आता ताईला सईच्या भावाचा, ओमचाही एमआरआय हवाय. आईबाप दोघेही वाहक, दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत, म्हणजे त्यालाही चारात एक शक्यता. पण तो चार वर्षांचा, नखशिखांत वारं भरलेला. भूल दिल्याशिवाय त्या नळीत पडून राहणार नाही. (तुझाच भाचा शोभतो, वर्गात कधी एका बाकावर टिकली होतीस?) आणि आज फिल्म स्वच्छ आली तरी उद्याची खात्री कोण देणार? खरं उत्तर रक्तातूनच मिळेल. ते 'हो' आलं तर थांबवणारं औषध नाही, आणि ताई त्याच्या प्रत्येक ठेचेत आजार शोधेल. मला वाटतं, लक्षण दिसेपर्यंत त्याला हुंदडू द्यावं. भावोजींचंही तेच मत. ताई म्हणते, तुम्ही दोघं भित्रे आहात.

तू रेडिओलॉजी घेतलीस तेव्हा 'माणसं सोडून सावल्या बघणार' म्हणून मी अबोला धरला होता. अजूनही माझं थोडं तेच म्हणणं आहे, भांडू सवडीने.

मिहिरला नोकरी लागली, फार आनंद झाला. सासूबाईंना नमस्कार.

सईची सीडी कुरिअरने पाठवतेय. बघ, पण मला फोन करू नकोस. ताईला कर. भूल, फिल्म, रक्त, सगळं तिला नीट सांग. माझ्याकडून ती ऐकणार नाही.

तुझी,
सुमी